गर्डर जाड आहे, मग पडेल कशाला? लोखंडी बीम आणि लॅटरल ब्रेसिंग, सोप्या भाषेत



गेल्या उन्हाळ्यात सांगलीजवळ राहणाऱ्या माझ्या मामांचा फोन आला. हळदीच्या गोदामात ते माळा टाकत होते. खाली पोती, वर पण पोती. गर्डर आले होते, वेल्डिंग सुरू होतं. मामा म्हणाले, "आरं, इंजिनियरनं ड्रॉइंगमध्ये गर्डरच्या मधी आडवे अँगल दाखवलेत. फॅब्रिकेशनवाला म्हणतोय, काय गरज न्हाई, गर्डर तीनशेचा हाय, हत्ती उभा केला तरी हालायचा न्हाई. काढू का ते?"

मी सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला होतो. बसमध्ये होतो, घाईत होतो. म्हटलं, "मामा, तीनशेचा आहे ना? मग बहुतेक चालेल."

रात्री झोप येईना, म्हणून वही काढली आणि गणित केलं. उत्तर बघून सकाळी सहाला मामांना फोन लावला: "वर एक पोतं पण चढवू नका."

असं काय निघालं त्या गणितात? आज तेच समजून घेऊया. तुम्ही इंजिनियरिंगला नसाल तरी चालेल. घरावर पत्र्याची शेड, दुकानात माळा, गच्चीवर टाकीचा स्टँड, असं काही ना काही प्रत्येकाच्या घरी कधीतरी होतंच. तेव्हा हा लेख आठवला तरी पुरे.

आधी बेसिक: बीम वाकतो म्हणजे काय होतं?

लोखंडी गर्डर समोरून बघितला की इंग्रजी "आय" अक्षरासारखा दिसतो. वर एक आडवी पट्टी, खाली एक आडवी पट्टी आणि दोघींना जोडणारी मधली उभी पट्टी. आडव्या पट्टीला फ्लँज म्हणतात, उभीला वेब.

आता हा गर्डर दोन टोकांवर ठेवा आणि वरून वजन टाका. तो मध्ये किंचित खाली झुकतो. झुकला की वरची बाजू आकसते आणि खालची ताणली जाते. म्हणजे वरचा फ्लँज दाबाखाली येतो आणि खालचा ताणाखाली. या दोघांची जोडी मिळून वजन पेलते. त्या पेलण्याच्या ताकदीला बेंडिंग स्ट्रेंग्थ म्हणतात आणि ती किलोन्यूटन-मीटरमध्ये मोजतात. 1 किलोन्यूटन म्हणजे साधारण 100 किलोचा भार, एवढं लक्षात ठेवा.

दोन्ही फ्लँज एकमेकांपासून जितके लांब, तितकी ताकद जास्त. म्हणून तर गर्डर उभा लावतात, आडवा पाडून नाही. इथपर्यंत फॅब्रिकेशनवाल्याचं बरोबर होतं.

मग गडबड कुठे आहे?

गडबड त्या दाबाखालच्या फ्लँजमध्ये आहे.

एक लांब, पातळ पट्टी दोन्ही टोकांकडून दाबली तर ती चेपत नाही, बाजूला धनुष्यासारखी वाकते. यालाच बकलिंग म्हणतात. गर्डरचा वरचा फ्लँज पण अशीच एक दाबलेली पट्टी आहे. तिला खाली-वर वाकता येत नाही, कारण वेबने तिला धरलंय. पण बाजूला? बाजूला तिला कुणीच धरलेलं नाही.

म्हणून वजन एका मर्यादेबाहेर गेलं की वरचा फ्लँज बाजूला सरकतो. खालचा फ्लँज ताणलेल्या दोरीसारखा असतो, त्याला सरळच राहायचं असतं. एक जण बाजूला पळतोय, दुसरा जागेवर थांबतोय. परिणाम काय? अख्खा गर्डर पीळ खातो. या प्रकाराला लॅटरल टॉर्शनल बकलिंग म्हणतात. लॅटरल म्हणजे बाजूला, टॉर्शन म्हणजे पीळ.

यात खरी भीती अशी की लोखंड तुटलेलं नसतं. त्याची ताकद संपायच्या कितीतरी आधीच गर्डर आडवा व्हायला लागतो. आणि एकदा आडवा झाला की त्याची ताकद फारच कमी राहते. आयएसएमबी 300 नावाचा जो गर्डर बाजारात सर्रास मिळतो, त्याचा उभ्या दिशेचा ताठपणा आडव्या दिशेच्या जवळजवळ 19 पट असतो. म्हणजे एका दिशेने पैलवान आणि दुसऱ्या दिशेने काडी!

घरी करून बघा: पट्टीचा प्रयोग

शाळेतली प्लॅस्टिकची 30 सेंटीमीटरची पट्टी घ्या. जितकी पातळ तितकी चांगली. दोन बाजूंना वह्यांचे गठ्ठे ठेवा आणि पट्टी त्यांवर उभी, म्हणजे धारेवर, टेकवा. मित्राला दोन्ही टोकं चिमटीत घट्ट धरायला सांगा. आता पेन्सिलीच्या मागच्या टोकाने मधोमध खाली दाबा आणि मोबाईलवर स्लो मोशनमध्ये शूट करा.

व्हिडिओत काय दिसेल? पट्टी आधी सरळ असते, आणि मग एका क्षणी मधली वरची धार पटकन बाजूला पळते. पट्टी तुटलेली नसते. हात काढला की परत सरळ.

आता तिसऱ्या मित्राला मधल्या भागात वरची धार दोन बोटांमध्ये नुसती हलकी धरायला सांगा. वर उचलायचं नाही, फक्त बाजूला जाऊ द्यायचं नाही. परत दाबा. आता बराच जास्त जोर लागेल.

ती दोन बोटं म्हणजेच लॅटरल ब्रेसिंग. बोटांनी वजन उचललं नाही, फक्त पट्टीला पळू दिलं नाही.

आता मामांच्या गोदामाचं गणित

माळ्याचे गर्डर 6 मीटर लांब, एकमेकांपासून अडीच मीटरवर. इंजिनियरने भार धरला होता दर चौरस मीटरला 500 किलो, म्हणजे 50 किलोची 10 पोती. फळ्या आणि सांगाडा मिळून आणखी 100 किलो धरले. सुरक्षिततेसाठी हे सगळं दीडपट करायचं. असा हिशेब केला की प्रत्येक गर्डरला सुमारे 101 किलोन्यूटन-मीटरची ताकद लागते.

आपल्याकडे लोखंडी बांधकामासाठी आयएस 800:2007 हे भारतीय मानक वापरतात. त्यात बाजूने धरलेल्या आणि न धरलेल्या बीमसाठी वेगवेगळे नियम आहेत. त्या नियमांनी, साध्या 250 ग्रेडच्या लोखंडासाठी आणि संपूर्ण लांबीभर सारखंच बेंडिंग धरून, मी आयएसएमबी 300 ची ताकद काढली:

- वरचा फ्लँज पूर्ण लांबीभर धरलेला: सुमारे 148
- दर 2 मीटरवर ब्रेस: सुमारे 128
- फक्त मधोमध एक ब्रेस, म्हणजे 3 मीटरवर: सुमारे 107
- 6 मीटरमध्ये एकही ब्रेस नाही: सुमारे 56

आकडे किलोन्यूटन-मीटरमध्ये आहेत. परत एकदा बघा. गर्डर तोच, लोखंड तेच, वजन तेच. फक्त बाजूने धरलं नाही म्हणून ताकद 148 वरून 56! गरज होती 101 ची. ड्रॉइंगप्रमाणे दर 2 मीटरवर ब्रेस असते तर 128 मिळाले असते, आरामात पास. ते काढून टाकल्यावर गरजेच्या जेमतेम निम्मी ताकद उरली होती. आणि माळ्याखाली दिवसभर हमाल काम करणार होते.

मी फोनवर "बहुतेक चालेल" म्हटलं होतं, ते या निम्म्या ताकदीला.

"मग सरळ जाड गर्डर टाकू की!"

मामांचा हाच प्रश्न होता आणि तो चुकीचा नाही. पण आकडे बघा. आयएसएमबी 400 घेतला तर त्याचं वजन मीटरला सुमारे 61.6 किलो. तीनशेच्या गर्डरचं मीटरला 44.2 किलो. म्हणजे 6 मीटरच्या एका गर्डरमागे 100 किलोहून जास्त लोखंड वाढलं.

आणि ब्रेस न लावता या चारशेच्या गर्डरची ताकद किती येते? सुमारे 99. म्हणजे मधोमध एक ब्रेस लावलेल्या तीनशेच्या गर्डरपेक्षाही कमी!

असं का होतं? चारशेचा गर्डर उंचीने वाढला, पण त्याच्या फ्लँजची रुंदी तीनशेच्या गर्डरइतकीच आहे, 140 मिलिमीटर. बाजूला पळण्याची सवय तशीच राहिली. उंच माणसाला गर्दीत बाजूने धक्का दिला की तो जास्त डळमळतो, तसंच काहीसं.

ब्रेस किती मजबूत लागतो?

इथे एक मजेशीर गोष्ट आहे. ब्रेसला फार कमी जोर सोसावा लागतो. आयएस 800 प्रमाणे दाबाखालच्या फ्लँजमध्ये जेवढं बल असेल, त्याच्या किमान अडीच टक्के बल ब्रेसने बाजूने पेललं पाहिजे. आपल्या गर्डरवर 101 किलोन्यूटन-मीटर आलं तर वरच्या फ्लँजमध्ये सुमारे 350 किलोन्यूटन दाब येतो, म्हणजे साधारण 35 टन. त्याचे अडीच टक्के म्हणजे 9 किलोन्यूटनच्या आसपास, 900 किलो. साधा अँगल नीट जोडला तर हे सहज पेलतो.

पट्टीवरची दोन बोटं आठवा. रांगेतल्या मुलाला सरळ उभं ठेवायला एका बोटाचा धाक पुरतो, पण एकदा तो पळाला की धरायला चार माणसं लागतात. ब्रेसचं काम पळू न देण्याचं आहे, पळालेल्याला ओढून आणण्याचं नाही.

ब्रेस लावूनही लोक चुकतात, ते कुठे?

1. चुकीच्या फ्लँजला लावणं. वजन वरून असेल आणि गर्डर फक्त दोन टोकांवर टेकला असेल, तर दाब वरच्या फ्लँजमध्ये असतो. नुसत्या खालच्या फ्लँजला पट्ट्या मारल्या तर पळणारा मोकळाच राहतो.

2. ब्रेसचं दुसरं टोक कुठेच न अडकवणं. शेजारचे दोन गर्डर एकमेकांना नुसत्या आडव्या पाइपने जोडले, तर दोघंही हातात हात घालून एकाच दिशेला पळू शकतात. म्हणून ब्रेसची रांग कुठेतरी पक्क्या भिंतीला, आरसीसी बीमला अडकवावी लागते, नाहीतर एका खणात तिरके अँगल मारून चौकट पक्की करावी लागते.

3. सुट्या फळ्यांना ब्रेस समजणं. गर्डरवर काँक्रीटचा स्लॅब पक्का जोडला किंवा चेकर्ड प्लेट वेल्ड केली, तर तोच फ्लँजला धरून ठेवतो. पण नुसत्या टाकलेल्या फळ्या सरकतात. त्यांच्यावर भरवसा ठेवायचा नाही.

4. "नंतर लावू" म्हणणं. काँक्रीट घट्ट झाल्यावर गर्डरला धरतं. पण ओलं काँक्रीट फक्त वजन असतं, धरत काहीच नाही. म्हणून सगळ्यात नाजूक वेळ बांधकाम चालू असतानाची असते.

खरोखर घडलेले दोन प्रसंग

चौथ्या चुकीचं उदाहरण अमेरिकेतलं. 10 ऑक्टोबर 2002 रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या मार्सी इथे पादचारी पुलावर काँक्रीट ओतणं चालू होतं. खालचा लोखंडी गर्डर वरून उघड्या पेटीसारखा होता आणि त्याच्या वरच्या फ्लँजमध्ये लांबीभर आडवं ब्रेसिंग नव्हतं. काँक्रीट ओतता ओतता पूर्ण पूल पीळ खाऊन उलटला. एका कामगाराचा जीव गेला, नऊ जण जखमी झाले. काँक्रीट घट्ट झालं असतं तर त्यानेच गर्डरला धरलं असतं. तिथपर्यंत पोचायलाच मिळालं नाही.

दुसरा प्रसंग कॅनडातला. व्हँकूव्हरला लागून बर्नबी नावाचं शहर आहे. तिथल्या स्टेशन स्क्वेअर मॉलमध्ये 23 एप्रिल 1988 ला नव्या सुपरमार्केटचं उद्घाटन होतं. छतावर गाड्यांचं पार्किंग, खाली खरेदीला आलेली गर्दी. दुकान उघडल्यावर थोड्याच वेळात मोठा आवाज झाला, वरून पाणी यायला लागलं. लोकांनी वर बघितलं तर छताचा बीम पीळ खाल्लेला दिसत होता. कर्मचाऱ्यांनी लगेच लोकांना बाहेर काढायला सुरुवात केली. काही मिनिटांतच छताचा तो भाग 20 गाड्यांसकट खाली आला. 21 जण जखमी झाले, पण एकही मृत्यू झाला नाही. त्या काही मिनिटांनी माणसं वाचवली.

चौकशीत निघालं की बीम गरजेपेक्षा लहान निवडला होता, आणि तो कॉलमवर टेकतो तिथे त्याला बाजूने पुरेसा आधार नव्हता.

इथे एक बारकावा आहे. तो बीम कॉलमच्या डोक्यावरून सलग पुढे गेलेला होता. अशा ठिकाणी बीम उलटा वाकतो: वरचा फ्लँज ताणला जातो आणि दाब खालच्या फ्लँजमध्ये येतो. छताने वरचा फ्लँज धरला होता, पण धोका खाली होता. म्हणून "वर स्लॅब आहे, मग झालं" असं म्हणून चालत नाही. प्रत्येक जागी विचारायचं: इथे दाब कोणत्या फ्लँजमध्ये आहे?

पत्र्याच्या शेडमध्ये हेच उलटं होतं

वळवाच्या वादळात पत्रे उडताना तुम्ही पाहिलेच असतील. वारा छताला वर खेचतो. तेव्हा मोठ्या शेडच्या तिरक्या बीमचा, म्हणजे राफ्टरचा, खालचा फ्लँज दाबाखाली येतो. पर्लिन तर वरच्या फ्लँजला असतात! म्हणून चांगल्या शेडमध्ये पर्लिनपासून राफ्टरच्या खालच्या फ्लँजपर्यंत छोटे तिरके अँगल मारलेले दिसतात. त्यांना फ्लँज ब्रेस म्हणतात. दिसायला किरकोळ, म्हणून "हे कशाला?" म्हणत सगळ्यात आधी काढून टाकले जातात ते पण हेच.

पुढच्या वेळी रेल्वेच्या लोखंडी पुलाखालून जाताना वर बघा. दोन मोठ्या गर्डरच्या मध्ये तिरक्या पट्ट्यांच्या फुल्या दिसतील. त्या शोभेसाठी नाहीत, हे आता तुम्हाला कळलं.

हा शोध कुणी लावला?

1899 मध्ये दोन माणसांनी, एकमेकांशी संबंध नसताना, पातळ बीम बाजूला कसा पळतो याचं गणित मांडलं. जर्मनीत लुडविग प्रांटल आणि ऑस्ट्रेलियात ए. जी. एम. मिशेल. पुढे स्टीफन टिमोशेंको यांनी ते आय आकाराच्या बीमपर्यंत नेलं. प्रांटल नंतर विमानाच्या पंखांभोवतीच्या हवेच्या अभ्यासासाठी जगभर प्रसिद्ध झाले, पण त्यांची पीएचडी याच विषयावर होती!

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*गर्डर पीळ खातोय हे आधी कळतं का?*
कधी कधी. खाली उभं राहून गर्डरच्या लांबीने एक डोळा मिटून बघा. फ्लँज बाजूला धनुष्यासारखा दिसला किंवा वेब तिरका वाटला, तर वजन वाढवू नका, खालची माणसं हटवा आणि इंजिनियरला बोलवा. मोबाईलमधलं लेव्हल ॲप वेबला टेकवून तिरकेपणा अंदाजे बघता येतो. पण ॲपने "ओके" दाखवलं म्हणजे गर्डर सुरक्षित आहे असं नाही. बकलिंग अचानक होतं.

*लेखातले आकडे माझ्या शेडला वापरू का?*
नको. तुमची लांबी, भार, टोकांची जोडणी वेगळी असणार. आकडे फरक किती पडतो हे दाखवायला दिलेत. डिझाइन इंजिनियरकडूनच करून घ्या.

*चौकोनी पाइपला पण असंच होतं का?*
बंद पेटीसारखा चौकोनी पाइप पीळ खायला खूप ताठ असतो. चौरस पाइपमध्ये हा प्रश्न जवळजवळ येतच नाही. पण उंच, अरुंद आयताकृती पाइप लांब असेल तर तपासावं लागतं.

मग गोदामाचं काय झालं?

मामा दोन दिवस चिडलेले होते. "त्यो म्हणतोय चालतंय, तू आधी म्हणालास चालतंय, आता म्हणतोस न्हाई चालत. कुणाचं ऐकू?" बरोबरच होतं त्यांचं. मी शनिवारी एसटीने गेलो, पट्टी सोबत नेली. ओट्यावर मामांना एक टोक धरायला दिलं, फॅब्रिकेशनवाल्याला दुसरं, आणि मधोमध दाबलं. पट्टी पळाली. मग मामींनी वरची धार दोन बोटांत धरली. परत दाबलं, पट्टी जागची हलली नाही.

फॅब्रिकेशनवाला थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "म्हणजे अँगल वजनासाठी न्हाईतच, धरायला हाईत." पंचवीस वर्षं वेल्डिंग करणाऱ्या माणसाने एका वाक्यात सांगितलं ते मला चार वर्षांत असं सांगता आलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी ड्रॉइंगप्रमाणे दर 2 मीटरवर अँगल लागले, एका खणात फुली लागली, टोकं भिंतीतल्या आरसीसी बीमला अडकली. पोती त्यानंतर चढली.

मी मात्र एक गोष्ट कायमची सोडली. फोनवर, न बघता, "बहुतेक चालेल" म्हणायचं नाही.

तुमच्या घरी, दुकानात, शेतात कुणी माळा किंवा शेड उभारत असेल, तर हा लेख त्यांना नक्की पाठवा. आणि ड्रॉइंगमधला एखादा छोटा अँगल काढायच्या आधी इंजिनियरला एवढंच विचारा: हा कुणाला धरून ठेवतोय?